हाडाचा आजार आणि चाळीस टक्क्यांची रेघ

(वणी इथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, "आयटीत कसं जायचं, कोणता कोर्स करायचा, यावर बोला." विषय चांगला आहे, पण त्याची माहिती तुमच्या मोबाइलवर भरपूर आहे. मी आज वेगळ्या गोष्टीवर बोलणार आहे. हाडात होणारा जंतुसंसर्ग, आणि त्यामुळे माणूस अधू झाला तर कायद्यानं जे मिळायला हवं ते मिळवण्याची खटपट. गेली दहा वर्षं आमच्या घरात हे चाललंय. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. वणीत शाळा शिकलो, नाशिकला इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. औषध कोणतं घ्यावं हे मी सांगणार नाही. कागद कसे लावावेत, हे मात्र अनुभवानं सांगू शकतो.

माझा मोठा भाऊ पिकअप चालवायचा. हंगामाप्रमाणे टोमॅटोचे, द्राक्षांचे क्रेट वणीहून पिंपळगावला न्यायचा. गाडी कर्जावरची होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये पहाटे गाडी उलटली. उजव्या पायाची नडगी मोडली आणि हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलं. खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत रॉड टाकला. तीन आठवड्यांनी टाक्यांच्या बाजूनं पाणी यायला लागलं, मग पू. अम्मी म्हणाली, "नासूर झालाय." डॉक्टरांनी जे लांबलचक नाव सांगितलं, त्याचा अर्थ तोच होता.

हे होतं कसं, ते आधी समजून घेऊ. हाड म्हणजे दगड नव्हे. त्यात रक्त खेळतं, ते जिवंत असतं. हाड उघडं पडलं की माती आणि कातडीवरचे जंतू आत जातात. बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकोकस ऑरिअस नावाचा जंतू असतो, जो कित्येक निरोगी माणसांच्या नाकात आणि कातडीवरही राहतो. आत सूज आली, दाब वाढला की हाडाच्या एखाद्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो तुकडा मरतो. मेलेल्या हाडात रक्त जात नाही, म्हणून गोळ्या-इंजेक्शनचं औषधही तिथे पोचत नाही. जंतू तिथे मुक्काम करतात. धातूचा रॉड किंवा प्लेट असेल तर तिच्यावर चिकट थर करून बसतात. मग सहा महिने सगळं ठीक, आणि एका पावसाळ्यात पुन्हा ताप, पुन्हा पू. काही जणांना हा आजार कित्येक वर्षांनी उलटतो.

त्यामुळे उपचारही लांबतात. मेलेलं हाड खरवडून काढावं लागतं आणि साधारण सहा आठवडे अँटिबायोटिक चालतं. पू तपासणीला पाठवून कोणत्या औषधानं तो जंतू मरतो, हे पाहिल्याशिवाय औषध बदलत राहणं म्हणजे अंधारात दगड मारणं. एक चांगली बातमी सांगतो. ब्रिटनमध्ये हाडा-सांध्यांच्या संसर्गाच्या १,०५४ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा आठवड्यांत शिरेतून औषध घेणाऱ्यांइतकाच गुण तोंडानं गोळ्या घेणाऱ्यांनाही आला. रोज इंजेक्शनसाठी चाळीस किलोमीटर नाशिकला जाणाऱ्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे. "गोळ्यांवर भागेल का?" असं डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. निर्णय त्यांचा.

भावाच्या पायातला रॉड काढला, मेलेलं हाड काढलं, मध्ये पाच सेंटिमीटरची पोकळी राहिली. मग पायाभोवती लोखंडी रिंगा लावल्या. ही पद्धत गाव्रील इलिझारोव या सोव्हिएत डॉक्टरनं सैबेरियातल्या कुर्गान शहरात १९५० च्या दशकात विकसित केली. हाड एका जागी कापायचं आणि दोन टोकं रोज साधारण एक मिलिमीटरनं दूर न्यायची. मधल्या जागेत शरीर नवीन हाड तयार करतं. कार्लो माउरी नावाच्या इटालियन गिर्यारोहकाचा वर्षानुवर्षं बरा न होणारा पाय १९८० मध्ये कुर्गानला बरा झाला, आणि त्यानंतर ही पद्धत पश्चिम युरोपात पोचली. रोज एक मिलिमीटर म्हणजे पाच सेंटिमीटरला पन्नास दिवस, आणि ते हाड पक्कं व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ. भावाच्या पायात रिंगा अकरा महिने होत्या. रोज स्क्रू फिरवायचं आणि तारांच्या जागा पुसायचं काम वहिनी करायची. त्या कामाची नोंद कोणत्याच कागदावर नाही.

पाय वाचला, पण तीन सेंटिमीटर आखूड झाला. घोटा जवळजवळ हलत नाही. पिकअपचा ब्रेक दाबता येत नाही. गाडी विकली, कर्ज उरलं. इथून आमची कागदांची गोष्ट सुरू होते.

२०१६ मध्ये संसदेनं दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. आम्ही ती यादी वरून खाली वाचली. हाडाच्या संसर्गाचं नाव त्यात नाही. भावानं मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाला, "आपलं नावच नाही."

नाव नसलं तरी जागा आहे. ती ज्या घरात, त्याला कायदा चलनवलनविषयक दिव्यांगत्व म्हणतो. स्नायू, हाडं, सांधे किंवा मज्जासंस्थेच्या त्रासामुळे स्वतःची किंवा वस्तूंची हालचाल करता न येणं, अशी त्याची व्याख्या आहे. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. कायदा आजार मोजत नाही. आजारानं काय हिरावलं, ते मोजतो. तुमच्या फायलीत पाच ऑपरेशनांची कार्डं असतील, पण घोटा किती अंश वळतो, एका पायावर उभं राहता येतं का, पाय किती आखूड आहे, हे लिहिलेलं नसेल, तर मंडळासमोर ती फाईल मुकी आहे.

आमची पहिली खेप २०१८ मध्ये झाली. खिडकीवर तोंडी उत्तर मिळालं, "उपचार चालू आहेत, सहा महिन्यांनी या." ते कार्यालय कोणतं हे सांगत नाही, कारण मुद्दा एका कार्यालयाचा नाही. दुसरी खेप २०१९ ची. तपासणी झाली, प्रमाणपत्र आलं: ३८ टक्के.

इथे चाळीस टक्क्यांची रेघ आहे. बहुतेक सवलती चाळीस टक्के आणि त्याहून अधिक असलेल्यांना आहेत. सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण, सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांतल्या पाच टक्के जागा, निराधार अनुदान, एसटीची सवलत, सगळं त्या रेघेपलीकडे. आमच्या प्रोग्रॅमिंगमध्ये अशी अट एका ओळीत लिहितात: चाळीस किंवा जास्त असेल तर हो, नाहीतर नाही. मशीनला एवढं पुरतं. पण अडतीस टक्क्यांचा माणूस चाळीसवाल्यापेक्षा किती कमी लंगडतो? आणि ज्या दिवशी मोजलं त्या दिवशी संसर्ग शांत होता की उसळलेला? हाडाचा हा आजार कॅलेंडरप्रमाणे बदलतो. मोजमाप मात्र एका सकाळी, दहा मिनिटांत होतं.

टक्के येतात कुठून, हे मी शोधून काढलं, कारण आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय मला झोप येत नाही. केंद्र सरकारनं जानेवारी २०१८ मध्ये मोजमापाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. मार्च २०२४ मध्ये त्या सुधारल्या. २०१८ च्या सूचनांत पायासाठी दोन मुख्य भाग होते: हालचाल आणि स्थैर्य. त्याशिवाय वेदना, व्यंग, संवेदना जाणं, पाय आखूड होणं, यांचे जादा गुण. आखूडपणाचा हिशेब असा: पहिला अर्धा इंच धरायचा नाही, त्यापुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला चार टक्के.

दोन भागांतलं नुकसान एकत्र करताना सरळ बेरीज करत नाहीत. मोठा आकडा घ्यायचा. नव्वदातून तो वजा करायचा. जे उरेल त्याला लहान आकड्यानं गुणायचं, नव्वदनं भागायचं, आणि उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. म्हणजे एक नुकसान ३० आणि दुसरं २० असेल तर बेरीज ५० होत नाही. ९० वजा ३० म्हणजे ६०, गुणिले २०, भागिले ९०, म्हणजे साधारण १३. एकूण ४३. "डॉक्टरांनी टक्के कापले" असं गावात आपण पुष्कळदा ऐकतो. काही वेळा ते फक्त हे सूत्र असतं. आणि काही वेळा एखादी गोष्ट खरोखर मोजायची राहून गेलेली असते. दोन्हींत फरक करता आला पाहिजे.

आमच्या बाबतीत आखूडपणा मोजायचा राहिला होता. दोन्ही पायांची लांबी दाखवणारा एक्स-रे फायलीत नव्हता, आणि मंडळानं तो मागवला नव्हता. कायद्याच्या ५९ व्या कलमात अपिलाची सोय आहे. आम्ही तो एक्स-रे काढला, फिजिओथेरपिस्टकडून घोट्याच्या हालचालीची लेखी नोंद घेतली आणि अपील केलं. मध्ये कोविड आला. २०२१ मध्ये नवीन प्रमाणपत्र मिळालं: ४४ टक्के, पण तात्पुरतं, पाच वर्षांसाठी.

तात्पुरतं का? कारण स्थिती बदलू शकते असं वाटलं तर मुदतीचं प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. बरं होणाऱ्या आजाराला ती योग्यच आहे. पण आखूड झालेला पाय पाच वर्षांत वाढत नाही. मुदत संपली आणि नवा कागद वेळेत आला नाही, तर अनुदान थांबतं. ते पुन्हा सुरू करणं पहिल्यांदा मिळवण्याइतकंच जिकिरीचं आहे. भावाची मुदत येत्या सप्टेंबरमध्ये संपतेय.

आता पैशांचं बोलू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला १,५०० वरून २,५०० रुपये झाली. अट चाळीस टक्क्यांची आहे, आणि दिव्यांगांच्या बाबतीत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. पन्नास हजार म्हणजे दिवसाला १३७ रुपये. याहून जास्त मजुरी द्राक्षाच्या बागेत मिळते. म्हणजे घरातल्या एकानं वर्षभर नीट काम केलं की दुसऱ्याचा हक्क जातो. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनात ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं नाव लागतं, आणि केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये. हे आकडे पुरेसे नाहीत, आणि ते वाढवा म्हणून बोलणं हा आपला अधिकार आहे. पण जे आहे ते घेतलंच नाही, तर वाढवा म्हणणाऱ्यांत आपला आवाज कुठून येणार?

एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी: महाराष्ट्रात चाळीस टक्के दिव्यांगत्वाला व्यवसाय कर माफ आहे, आणि आयकराच्या जुन्या पद्धतीत ७५ हजारांची, ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाला सव्वा लाखाची वजावट आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा राज्याचा नियम आहे. ग्रामसभेत उभं राहून "यंदा हे पाच टक्के कुठे गेले?" असं विचारायला कोणताही दाखला लागत नाही. वणीसारख्या मोठ्या ग्रामपंचायतीत हा प्रश्न दर वर्षी विचारला गेला पाहिजे. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

सातपूर, अंबड, दिंडोरी इकडच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणारे किती जण इथे आहेत? हात वर करा. बरेच आहात. तुमच्यासाठी एक खास गोष्ट. दिव्यांगांच्या कायद्यात या आजाराचं नाव नाही, पण ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. उघडं फ्रॅक्चर होऊन हाडात जुनाट संसर्ग झाला तर वाढीव आजार लाभ मिळतो. साध्या आजारपणात पगाराच्या ७० टक्के, तेही वर्षात ९१ दिवस. या यादीतल्या आजारांना ८० टक्के, आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. त्यासाठी दोन वर्षं सलग विमाधारक नोकरी आणि त्या काळात किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. म्हणून आज घरी गेल्यावर पगाराची पावती काढा. ईएसआयची कपात होतेय का, विमा क्रमांक आहे का, तो तुमच्याच नावावर आहे का, बघा. अपघातानंतर हे शोधणं फार अवघड जातं. माझ्या भावाला यातलं काही नव्हतं. तो स्वतःच मालक होता आणि स्वतःच मजूर.

सरकारी नोकरीत असाल तर कुणाल सिंग यांचा खटला माहीत असू द्या. ते केंद्राच्या एका सुरक्षा दलात शिपाई होते. कामावर असताना डाव्या पायाला इजा झाली, गँगरीन झालं, पाय कापावा लागला. १९९८ मध्ये त्यांना सेवेसाठी अयोग्य ठरवून घरी पाठवलं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्या, तेही नसेल तर जादा पद तयार करून ठेवा. तेव्हाचं ४७ वं कलम आता नव्या कायद्यात २० वं आहे.

आणि जे रेघेच्या अलीकडे राहिले त्यांचं काय? अडतीसवाल्यांचं? २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं महत्त्वाची गोष्ट सांगितली. त्या विद्यार्थ्याला हातानं लिहिताना त्रास व्हायचा, त्यानं लेखनिक मागितला. तुझं अपंगत्व चाळीस टक्क्यांचं नाही म्हणून आयोगानं नकार दिला. न्यायालय म्हणालं, आरक्षणासाठी चाळीस टक्के लागतात, पण वाजवी सोय मिळण्याचा हक्क प्रत्येक दिव्यांगाला आहे, त्याला टक्क्यांची रेघ नाही. परीक्षेत पाय लांब करून बसायची जागा, तळमजल्यावरचा वर्ग, ड्रेसिंगसाठी मधली सुट्टी, हे मागताना "माझे टक्के कमी आहेत" म्हणून मागे सरू नका.

सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये ट्रॉली सुरू झाली. त्याआधी ज्याला शेकडो पायऱ्या चढता येत नव्हत्या, त्याला माणसं उचलून न्यायची किंवा तो खालीच थांबायचा. त्याचा पाय तोच आहे, वाट बदलली. आता आपल्या मशिदींकडे बघा. किती ठिकाणी पायऱ्यांना कठडा आहे? वजूखान्यात बसून पाय धुता येईल असं स्टूल आहे? खुर्चीवर नमाज पढणाऱ्याला सफेच्या कडेला नीट जागा आहे, की तो आल्यावर लोक वळून बघतात? सरकार दिव्यांग म्हणतं, कोणी अपंग म्हणतं. माझा भाऊ म्हणतो, "शब्द कोणताही लावा, पायरीला कठडा लावा."

आपल्या समाजात आणखी दोन गोष्टी आड येतात. पहिली, सब्र. अल्लाहची मर्जी म्हणून गप्प बसणं. सब्र म्हणजे दुखणं सोसताना तोल न जाऊ देणं, अर्ज न करणं नव्हे. दुसरी, मदत आणि हक्क यांतला घोळ. रमजानमध्ये भावाला नातेवाइकांनी जकातीची पाकिटं दिली. त्यांची नियत चांगलीच होती, आणि त्या पैशांनी औषधं आली. पण पाकीट घेताना तो मान खाली घालायचा. अनुदानाचा पहिला हप्ता बँकेत जमा झाला, तेव्हा त्यानं मोबाइलवरचा मेसेज अब्बांना दाखवला आणि म्हणाला, "हे कोणाचे उपकार नाहीत." जकात देत राहा. पण ज्याचा हक्क बनतो त्याला कार्यालयापर्यंत नेणं, हेही तितकंच मोठं काम आहे.

आजार वेळेत ओळखणं हे सगळ्यात स्वस्त. तीन सूचना लक्षात ठेवा. लहान मुलाला ताप आहे आणि ते एक हात किंवा पाय हलवू देत नाही, तर "मुरगळलंय" म्हणून मालिश करू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सुरुवातीचे दहा-बारा दिवस एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, म्हणून एक्स-रे चांगला आहे एवढ्यावर थांबू नका. दुसरी, मधुमेह असलेल्या आई-वडिलांचे पाय. त्यांना जखम कळत नाही आणि पायाची जखम हाडापर्यंत जाते. दिवसातून पाच वेळा वजू करताना पाय हातात येतात. बोटांमध्ये, टाचेखाली बघा, आणि धुतल्यावर कोरडे करा. जखमेवर पट्टी असेल तर ती भिजवायची गरज नाही, पट्टीवरून ओला हात फिरवणं पुरतं, ही सवलत धर्मानंच दिलीय. तिसरी, हाडाचा टीबी. तो वेगळा आजार आहे, उपचार वेगळे आणि लांब आहेत. सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात आणि निक्षय पोषण योजनेत महिन्याला १,००० रुपये मिळतात. पू तपासायला देताना टीबीचीही तपासणी होतेय का, हे विचारा.

आता कागद. दिव्यांगत्वाचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. जून २०२१ पासून प्रमाणपत्र त्याच मार्गानं मिळतं, आणि सोबत ओळखपत्र. ते देशभर चालतं. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, त्यासाठी वेगळा नमुनाच आहे. खिडकीवरचं तोंडी "सहा महिन्यांनी या" हे उत्तर धरू नका. नम्रपणे म्हणा, "साहेब, हे लिहून द्या."

फाईल अशी लावा. सगळ्यात वर एक पान: कोणत्या तारखेला काय झालं, एकेका ओळीत. त्याखाली दवाखान्यातून सुटल्याची कार्डं, पू तपासणीचे अहवाल, एक्स-रे. मग सांध्यांच्या हालचालीची आणि पायाच्या लांबीची नोंद. हिचा मान सगळ्यात मोठा आहे, आणि बहुतेक फायलींत हीच नसते. जखम उसळली की तारीख लिहून फोटो काढून ठेवा. मंडळ एक दिवस बघतं, तुमची वही बाकीचे दिवस दाखवते. खोटं काही लावू नका. खोटं सांगून लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. २०२४ मध्ये राज्यात एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून जो गाजावाजा झाला, त्याचा भुर्दंड खऱ्या रुग्णांनाच पडतो. प्रत्येकाकडे संशयानं बघतात.

आणि नाव. आपल्याकडे हा मोठा घोळ आहे. शाळेच्या दाखल्यावर शेख पुढे, आधारवर शेख मागे. रेशनकार्डावर आईच्या नावापुढे 'बी', बँकेत 'बेगम'. स्पेलिंग तर तीन ठिकाणी तीन. माणसाला हे एकच नाव दिसतं, संगणकाला तीन माणसं दिसतात. अर्ज अडकतो आणि का अडकला हे कोणी सांगत नाही. आजार यायची वाट न बघता घरातल्या सगळ्यांची नावं या वर्षी एकसारखी करून घ्या.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. त्यात आपल्या गल्लीतलेही आहेत. त्यातल्या अनेकांना फॉर्म वाचता येत नाही, ओटीपी आला तर फोन दुसऱ्याकडे असतो, दिंडोरीला तहसीलला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते. तुम्हाला फॉर्म वाचता येतो, फोन तुमच्याकडे आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक टेबल, एक लॅपटॉप, चार जण. माणूस कोणत्याही जातीचा, धर्माचा असो, अर्ज भरून द्यायचा, पावती छापून हातात द्यायची, आणि तपासणीच्या दिवशी एकानं सोबत जायचं. सोबत माणूस असला की खिडकीवरची भाषा बदलते, हे मी पाहिलंय.

मागच्या पावसाळ्यात भावाची जखम पुन्हा उघडली. दोन महिने गोळ्या चालल्या, आता बंद आहे. तो सध्या वणीत बसून क्रेटचा हिशेब ठेवायचं काम करतो. सप्टेंबरपर्यंत थांबायचं नाही, जूनमध्येच नूतनीकरणाचा अर्ज करायचा असं आम्ही ठरवलंय, आणि या वेळी कायमस्वरूपी प्रमाणपत्र मागणार आहोत, आखूड पायाच्या एक्स-रेसह. मिळेल की नाही, माहीत नाही. नाही मिळालं तर लेखी कारण घेऊन अपील करू. ज्यांना हे काम शिकायचंय, त्यांनी अर्ज भरायच्या दिवशी आमच्या घरी यावं. चहा मिळेल, आणि भाऊ स्वतः शिकवेल. आता त्याला माझ्यापेक्षा जास्त येतं.

 प्रश्न असतील तर विचारा.